द्राक्षाचा वेल: बी पेरावं की काडी लावावी?

द्राक्षं खाताना दाताखाली आलेल्या बिया मी कुंडीत पेरल्या आहेत आणि छाटणीत निघालेल्या काड्याही लावल्या आहेत. वेल दोन्हीकडून मिळाला, त्यामुळे एकाला सरळ नापास करणं जिवावर येतं. तरी कुणी विचारलंच, तर मी हळूच काडीकडे बोट दाखवतो.

बियांना आधी थंडी लागते. धुतलेल्या बिया ओलसर वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रिजमध्ये, पण गोठणार नाहीत अशा खणात. पहिल्या खेपेला मी गर नीट धुतला नव्हता; डब्यात बुरशीची पांढरी लव तेवढी उगवली. दुसऱ्या खेपेला 20 पैकी 7 बिया रुजल्या, त्याही एकेक करत दीड महिना. पण ते बघण्यात मजा होती, हे कबूल. आधी दोन गुळगुळीत लांबट दळं, आणि त्यांच्यामधून पहिलंच खरं पान करवतीच्या काठाचं! (बिनबियांची जात हवी असेल तर हा पर्याय आपोआपच बाद.)

काडीचं काम त्यामानाने रुक्ष. वेल सुप्तावस्थेत असताना पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची काडी घ्यायची. मी वरचा काप तिरका घेतो, खालचा सरळ, कारण एकदा चार काड्या उलट्या खोचल्या होत्या आणि चारही वाळल्या. दुसरी फसगत पानांची. पानं फुटतात ती काडीत साठलेल्या अन्नावर. मुळं मागाहून येतात. मी पानं बघून हुरळलो, कुंडी भर उन्हात नेली आणि आठवड्यात सहातल्या तीन काड्या गेल्या. म्हणजे माझ्या हाताला काडीही फार सोपी गेली असं नाही.

मग पारडं झुकलं कशाने? मांडवाने. बीचं रोप आईवर जात नाही, प्रत्येक बी म्हणजे नवाच वेल, आणि तो कसा निघाला हे फळ धरेपर्यंत कळत नाही. तोवर पाणी घाला, फांद्या बांधा, छाटणी करा आणि मुख्य म्हणजे मांडव त्याला देऊन टाका. माझ्याकडे मांडव दोनच. काडीच्या वेलाने तिसऱ्या वर्षी ओळखीच्या चवीचे घड दिले. बीच्या वेलाला पाचव्या वर्षी घड लागले, ते वाटाण्याएवढ्या मण्यांचे, जाड सालीचे, आंबट. त्या चवीचंही मी फार मनावर घेतलं नसतं. पण पाच वर्षं हाताने बांधलेला वेल उपटवत नाही, आणि ठेवावा तर दुसऱ्याला जागा नाही!

लांबलचक कुंपण मोकळं असेल आणि घाई नसेल, तर बिया जरूर पेरा. आज काड्यांवर वाढणाऱ्या बहुतेक जातीही मुळात कुठल्यातरी एका बीतूनच निघाल्या. मात्र मुळांवर फायलोक्सेरा (मुळांचा रस शोषणारी बारीक कीड) पडणारा भाग असेल तर बीचा वेलही नको आणि नुसती काडीही नको; खुंटावरचं, म्हणजे ही कीड सोसणाऱ्या दुसऱ्या वेलाच्या मुळांवर बांधलेलं, कलम घ्यावं.

माझा बीचा वेल मी शेवटी गुडघ्याएवढा ठेवून कापला आणि त्यावर दुसऱ्या वेलाच्या काडीची दोन पाचर कलमं बांधली. एक धरलं. खालून अजून बीच्या वेलाचे स्वतःचे फुटवे येतात, ते खुडावे लागतात.