गेमचं मॅन्युअल कशात ठेवायचं? आठ महिने वापरून झाल्यावर

सोलापूरची जानेवारीतली गड्डा यात्रा उठली त्या आठवड्यात आम्ही मॅन्युअलला हात घातला आणि आज गल्लीत गणपतीचा मांडव पडलाय, म्हणजे आठ महिने झाले. मी दिवसा अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा सपोर्ट बघतो, फोनवर दिवसभर "मालक, डावीकडं वर बघा, दिसलं का" म्हणणारा माणूस, आणि रात्री मावसभावासोबत गोडो नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बनवतो. गेम आपल्या सोलापुरातल्या चादरीच्या कारखान्याचा आहे, यंत्रमाग घ्यायचे, सूत आणायचं, बीम (उभ्या सुताचा, म्हणजे ताण्याचा, मोठा रूळ) भरायचा, जॅकार्डची (नक्षी विणणाऱ्या यंत्राची) पंच केलेली पुठ्ठ्याची कार्डं लावायची, लाइट गेली की डोक्याला हात लावायचा. हे सगळं खेळणाऱ्याला समजवायचं म्हणजे मॅन्युअल पाहिजेच. ते कशात ठेवावं यावर मी जेवढा वेळ घालवला तेवढ्यात गेममधे अजून दोन लेव्हल झाल्या असत्या.

आत्ता काय वापरतो ते आधीच सांगून टाकतो. मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या टेक्स्ट फाइलीत चिन्हं टाकून शीर्षकं, याद्या करायची पद्धत), पॅनडॉक या फॉरमॅट बदलणाऱ्या टूलने त्याचं ब्राउझरमध्ये उघडणारं एक मोठं एचटीएमएल पान, आणि त्याच मजकुरातून माझी एक छोटी स्क्रिप्ट गेमच्या आतल्या मदतीसाठी बीबीकोड (चौकटी कंसातल्या टॅगांनी मजकूर सजवायची पद्धत) काढते. पीडीएफ फक्त छापायला. खूश आहे का, तर बऱ्यापैकी. पण इथपर्यंत येताना चार ठिकाणी आपटलो.

पहिली उडी अर्थातच पीडीएफवर. कुणालाही विचारा, वर्डमध्ये लिही आणि पीडीएफ काढ म्हणतो. आम्ही तसंच केलं, मस्त दिसत होतं, कव्हरवर चादरीची नक्षी वगैरे. मग समोरच्या गल्लीतल्या अण्णांना खेळायला बसवलं. अण्णांनी पूर्व भागात तीस वर्षं माग चालवलेत, त्यांच्यापेक्षा चांगला टेस्टर मला मिळणार नव्हता. दहा मिनिटांत स्क्रीनवर "ताणा तुटला" आलं आणि अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, अण्णा, एफ वन दाबा, मदत उघडते. त्यांनी दाबला. लॅपटॉपचा आवाज बंद झाला, कारण आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफएन धरल्याशिवाय एफ वन म्हणजे म्यूट. गेममधली मागाची खटखट थांबली तसे अण्णा म्हणाले, "अरे, माग बंद पडला की!" आणि खुर्चीवरून उठलेच. त्यांना वाटलं आपण काहीतरी बिघडवलं.

परत आवाज चालू केला, एफएन धरून एफ वन दाबायला लावला, तर गेम मागं गेला आणि पीडीएफ रीडर पुढं आला, पहिल्या पानावर. कव्हर, मग अनुक्रमणिका, मग ताणा कुठल्या पानावर ते शोधा. अण्णांनी चष्मा वर करून मला विचारलं, "एवढं पुस्तक वाचू, का तुटलेला दोरा जोडू?" त्या दिवशी पीडीएफ मनातून उतरला. शोधायचा प्रॉब्लेम तर वेगळाच. आमच्या त्या पीडीएफमध्ये "कांडी" डोळ्यासमोर दिसायची पण सर्चमध्ये टाकली की सापडायची नाही. पीडीएफ पानावर अक्षरांचे आकार मांडतो, त्यामागं खरा मजकूर नीट जोडलेला नसला तर जोडाक्षरं आणि वेलांट्या कॉपी करताना, शोधताना पार विस्कटतात. देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी भोगलंय.

मग मला आठवण आली सीएचएमची. माझ्या पिढीच्या लोकांना माहितीये, विंडोजच्या जुन्या सॉफ्टवेअरसोबत यायची ती पिवळ्या प्रश्नचिन्हाच्या आयकॉनची फाइल, डावीकडं विषयांचं झाड, उजवीकडं पान, वर इंडेक्स आणि सर्च, सगळं एकाच फायलीत. १९९७ च्या आसपास आलेला फॉरमॅट. मी बसून तसं मॅन्युअल बनवलं, पान उघडलं तर मराठी एकदम झकास. डावीकडच्या झाडात बघतो तर सगळी प्रश्नचिन्हं. ओळीने. "????? ????". दोन रात्री मी फायलीचं एन्कोडिंग बदलत बसलो, मग कळलं की त्यातली अनुक्रमणिका आणि इंडेक्स युनिकोडच्या आधीच्या कोडपेजवर, म्हणजे एकेका लिपीच्या जुन्या अक्षरयादीवर, चालतात, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी सिस्टिमला लावता येईल असं कोडपेज कधी नव्हतंच. म्हणजे माझी चूक नव्हती, पण इलाजही नव्हता. इंग्रजी मॅन्युअल असतं तर कदाचित मी तिथंच थांबलो असतो.

नाही, थांबलो नसतो. कारण तीच फाइल झिपमधून पुण्याच्या मित्राला पाठवली तर त्याच्याकडं झाड दिसतंय आणि पान कोरं. नेटवरून आलेली सीएचएम विंडोज संशयाने बघतं, फायलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक करावी लागते. आता हे मी कुणाकुणाला सांगू? मदतीची फाइल उघडायला मदत लागते म्हटल्यावर विषयच संपला. त्याच्याही आधीच्या एचएलपी फायलींचं काय झालं माहितीये ना, विस्टापासून विंडोजने त्यांचा व्ह्यूअर सोबत देणंच बंद केलं. ज्यांनी मॅन्युअल त्यात लिहून ठेवली ते बसले.

त्यानंतर एमकेडॉक्स, मार्कडाउनमधून वेबसाइट बनवणारं टूल. मार्कडाउन लिहायची सवय मला याच्यामुळं लागली, तेवढे उपकार मानतो. साइट देखणी होते, पण ती साइट होते, आणि आम्हाला पाहिजे होतं गेमच्या फोल्डरमध्ये पडून राहणारं, नेट नसताना उघडणारं काहीतरी. डबल क्लिक करून पान उघडलं आणि लिंकवर टिचकी मारली तर पानाऐवजी फोल्डरमधल्या फायलींची यादी आली. ते एका सेटिंगने सुटलं. सर्च काही सुटला नाही, कारण डिस्कवरच्या पानाला ब्राउझर दुसरी फाइल मागून घेऊ देत नाही आणि सर्चची यादी तर वेगळ्या फायलीत. लोकल सर्व्हर लावून, म्हणजे आपल्याच मशीनवरून साइट चालवून बघितलं तेव्हा इंग्रजी शब्द सापडले, मराठी टाकला की शून्य. त्या सर्चच्या इंजिनात शब्दाच्या कडेची चिन्हं छाटायचा एक नियम आहे आणि त्याच्या लेखी इंग्रजी अक्षरं सोडून सगळं चिन्हच, म्हणजे आपला अख्खा शब्दच छाटून टाकतो. स्फिंक्स नावाचं तसलंच दुसरं टूल यापेक्षा बरं, त्याची सर्चची यादी जावास्क्रिप्ट म्हणून लोड होते त्यामुळं ते डिस्कवरूनही चालतं, पण त्याची लिहायची पद्धत मावसभावाला झेपेना. रिकामी जागा एक कमी पडली की यादी मोडते. तो चित्रकार माणूस, त्याला कशाला छळा.

शेवटी अक्कल आली ती अशी की अडलेला माणूस गेममध्ये बसलेला असतो, ब्राउझरमध्ये नाही. मदत गेमच्या आतच पाहिजे, अडला तिथं, चार ओळीत. सविस्तर वाचायचंय त्याला खाली लिंक.

इथं गोडोविषयी एक सांगतो. आमचा गेम आधी गोडो ३ वर होता आणि त्यात देवनागरी म्हणजे रडगाणं, वेलांटी व्यंजनाच्या मागं जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसायची. बटणांवरचा मजकूर आम्ही चक्क चित्र करून टाकत होतो. २०२३ च्या मार्चमध्ये ४.० आलं, त्यात अक्षरं बसवायला हार्फबझ आहे, आणि प्रोजेक्ट तिकडं हलवल्यावर पहिल्यांदा "यंत्रमाग" नीट दिसला तेव्हा मी स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. आईने नमस्काराचा इमोजी पाठवला. हे झालं नसतं तर गेमच्या आतल्या मदतीचा विचारच करता आला नसता.

गोडोला मार्कडाउन कळत नाही, त्याला बीबीकोड कळतो. सुरुवातीला मी आळस केला आणि आतली मदत वेगळी, ब्राउझरचं मॅन्युअल वेगळं असं दोन ठिकाणी लिहीत गेलो. दोन महिन्यांत एकात बीमची किंमत एक, दुसऱ्यात भलतीच. नेटहॅक नावाचा १९८७ पासूनचा गेम आहे, त्याच्या गाइडबुकच्या दोन सोर्स फायली आहेत, एक ट्रॉफची आणि एक टेकची (दोन्ही छपाईची पानं मांडायच्या जुन्या पद्धती), आणि बदल केला की दोन्हीकडं करावा लागतो. त्यांना जमतं, त्यांच्याकडं माणसं आहेत. आमच्याकडं मी आहे, रात्री साडेदहानंतर. म्हणून मग एकच मार्कडाउन फाइल, प्रत्येक विषयाचा पहिला परिच्छेद गेममध्ये जातो आणि बाकी सगळं एचटीएमएलमध्ये. हा एक नियम ठरला आणि माझं लिखाणही सुधारलं, कारण पहिल्या परिच्छेदात पाल्हाळ लावलं तर गेमच्या चौकटीबाहेर जातं, लगेच दिसतं.

बीबीकोडचा एक किस्सा. मी मॅन्युअलमध्ये कीबोर्डवरची बटणं चौकटी कंसात लिहायचो. बीम बदलायचं बटण होतं बी. कंसात छोटा बी टाकला आणि गेममध्ये तिथून पुढचा सगळा मजकूर ठळक. बी म्हणजे बोल्डचा टॅग ना! मालाची यादी उघडायचं बटण आय, तिथून पुढं सगळं तिरकं. मावसभाऊ म्हणाला डिझाइन बदललंस का, चांगलं दिसतंय. आता स्क्रिप्ट कंस सुटे करून घेते.

ब्राउझरच्या बाजूला आठ महिन्यांतलं सगळ्यात चिवट दुखणं म्हणजे लिंक. गेममधल्या "सविस्तर वाचा" वर टिचकी मारली की मोठं पान उघडून थेट बीमच्या भागावर जायला पाहिजे. माझ्या लिनक्सवर जातं. विंडोजवर पान उघडतं पण कायम सुरुवातीला, कारण डिस्कवरची फाइल उघडायला दिली की हॅशच्या (#) पुढचा, पानातल्या भागाचा पत्ता विंडोज मधल्या मधे गाळून टाकतं. उपाय गावठी आहे, प्रत्येक विषयाला एक चिमुकली एचटीएमएल फाइल, तिच्यात एवढंच की इथून त्या पानाच्या त्या भागावर जा. ४३ विषय, ४३ फायली, स्क्रिप्टच बनवते त्यामुळं त्रास नाही, पण फोल्डर बघून लोक विचारतात हे काय. आणि हो, हे सगळं गेमच्या पॅक फायलीच्या (गेमचं सगळं सामान एकत्र बांधलेल्या फायलीच्या) बाहेर ठेवावं लागतं, आत टाकलं तर ब्राउझरला दिसणार कसं. पहिल्या बिल्डमध्ये मी आतच टाकलं होतं.

पॅनडॉक चित्रं, स्टाइल सगळं एकाच एचटीएमएलमध्ये कोंबून देतो, आमची फाइल सहा एमबीची झाली, चालतंय. मे महिन्यात लाइट गेली, राउटर बंद, तरी लॅपटॉपवर पान उघडत होतं, बस. कंट्रोल एफने शोधा, इंडेक्स नको काही नको.

फक्त शोधण्यात मराठी आडवी येते. "माग" टाकलं तर "मागाला", "मागावर" सगळं सापडतं. "धोटा" (आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडं पळतो तो, म्हणजेच शटल) टाकला तर "धोट्याला" सापडत नाही, "धोट्यात" नाही, आणि मराठी वाक्यात धोटा निव्वळ धोटा म्हणून किती वेळा येतो? त्यात नवीन पोरं "शटल" शोधतात. तर आता प्रत्येक विषयाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, धोटा, धोटे, धोट्या, शटल, असं. दिसायला विचित्र आहे पण मला यापेक्षा चांगलं सुचलेलं नाही. शीर्षकांच्या आतल्या खुणा (लिंक जिथं जाऊन पोचते त्या) मात्र मी इंग्रजी अक्षरात हाताने देतो, कारण शीर्षकातला शब्द बदलला की आपोआप बनलेली खूण बदलते आणि जुन्या लिंका तुटतात. दोनदा तुटल्या.

न पटलेलं अजून एक, तक्ते. सुताचे नंबर, दर, किती चादरी निघतात हे सगळं तक्त्यात पाहिजे, मार्कडाउनमध्ये लांब मराठी मजकुराचा तक्ता लिहिणं म्हणजे उभ्या रेघा जुळवत बसणं, आणि देवनागरीत एडिटरमध्ये रुंदी जुळतच नाही. तक्ते मी वेगळ्या सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या साध्या फायलीत) ठेवतो. ज्यांचा गेम तक्त्यांचाच आहे त्यांनी माझं ऐकू नका, मार्कडाउनसारखीच दुसरी पद्धत आहे, आस्कीडॉक, ती बघा.

पीडीएफ परत आणला तो अण्णांसाठी. पॅनडॉकचा नेहमीचा रस्ता लॅटेक या छपाईची पानं मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो, साधं पीडीएफलॅटेक देवनागरी बघून एरर देतं, झीलॅटेक सांगून फॉन्ट दिला की निघतं आणि छान निघतं. नवी पेठेत स्पायरल बाइंडिंग करून दिलं. गेल्या रविवारी त्यांच्याकडं गेलो तर प्रत सोफ्यावर, आत पेन्सिलने खुणा. तीन ठिकाणी "शटल" खोडून वर "धोटा". म्हटलं, अण्णा, नवीन पोरांना धोटा कळत नाही. "मग कळेल की," म्हणाले, "शटल तरी कुठं जन्मतः कळत होतं?" घरी येऊन तिन्ही ठिकाणी बदललं, स्क्रिप्ट चालवली, गेममध्ये आणि पानावर दोन्हीकडं धोटा आला. अण्णांच्या प्रतीत तो आधीच होता.