टेस्टोस्टेरॉन वाढवण्याच्या गोळ्या : आठ महिने घेतल्यावर

आधी सरळ सांगतो. गोळ्यांनी माझं टेस्टोस्टेरॉन वाढलं नाही. मधे एकदा रिपोर्टात ते दुपटीहून जास्त दिसलं, आणि त्या आकड्यामागचं कारण कळावं म्हणूनच एवढं लिहितोय.

मी येळ्ळूरचा, वय ४३. बेळगावात खडेबाजाराकडे दुकान. रात्री हिशोब उरकून झोपायला एक वाजतो, सकाळी सहाला उठणं. गेल्या वर्षी थकवा फार वाढला, कशातच मन लागेना. तालमीतला जुना दोस्त म्हणाला, "घे की रे, आमची पोरं घेत्यात. खरं नेमानं घे." अश्वगंधा, गोखरू आणि जस्त एकत्र असलेली गोळी, महिन्याला अकराशे रुपये.

सुरू करण्याआधी रक्त तपासलं, हे बरं झालं. सकाळी आठला, उपाशीपोटी, कारण हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दुपारनंतर उतरतं. आकडा आला ३४२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. बहुतेक लॅब साधारण ३०० च्या वरचं ठीक धरतात, म्हणजे मी काठावर. तीन महिन्यांनी ३१८. एवढा फरक तर एकाच माणसात दोन सकाळींमध्येही पडतो.

पाचव्या महिन्यात ७९१! त्या दिवशी घरी कुंदा नेला. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला, तर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "केसांसाठी काही घेताय का?" घेत होतो. दहा मिलिग्रॅम बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, आणि त्या सकाळीही रक्त द्यायच्या तासभर आधी पाण्याबरोबर गिळलेलं. बऱ्याच लॅबच्या तपासणीत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन यांची एकमेकांवरची घट्ट पकड वापरलेली असते. रक्तात बायोटिन जास्त झालं की ती पकड अडते, आणि टेस्टोस्टेरॉनसारख्या तपासणीत आकडा खोटाच वर जातो. थायरॉइडचे रिपोर्टही असेच फसतात. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीत तर उलटं होतं, आकडा खोटाच कमी येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. चार दिवस बायोटिन बंद ठेवून त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. ३३६.

मला वाईट वाटलं ते पैशांचं नाही. तो पाचवा महिना मी खरंच ताजातवाना होतो, निदान तसं मला वाटत होतं.

आता गोळीतल्या एकेका घटकाबद्दल. गोखरू म्हणजे आपल्या शेतातला सराटा. माणसांवरच्या बहुतेक प्रयोगांत त्याने टेस्टोस्टेरॉन वाढलेलं नाही. जस्ताचा उपयोग होतो, पण शरीरात ते मुळातच कमी असेल तर. उगाच जास्त घेतलं तर तांबं कमी पडतं. अश्वगंधेने थोडी वाढ दिसल्याचे काही छोटे प्रयोग आहेत, पण यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत, आणि थायरॉइडची औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊच नये. डब्यावर बारीक अक्षरांत औषधी वापरासाठी नाही असं छापलेलं असतं. ते मी सातव्या महिन्यात वाचलं.

डॉक्टरांनी मला झोपेवर आणि पोटावर आणलं. तरुण पुरुषांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरल्याचं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. मी तर कित्येक वर्षं तेवढंच झोपत आलोय. आता हिशोब सकाळी करतो, रात्री अकराला आडवा होतो, पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालतो. सहा किलो उतरलेत. शेवटचा आकडा ४२१, बायोटिनशिवाय. तो झोपेमुळे, वजनामुळे की नेहमीच्या चढउतारामुळे, हे छातीठोक सांगता येणार नाही, खरं दुपारी गल्ल्यावर डोळा लागायचा थांबलाय.

तालमीतल्या पोरांची काळजी वाटते. बिनलेबलच्या पावडरींत लपवलेले स्टेरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखीच रसायनं, सापडतात, आणि बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा इशारा दबतो, शुक्राणू घटतात. लग्न ठरलेला एक पोरगा परवा डबा घेऊन दुकानात आला. त्याला आधी घरात काय काय चालू आहे त्याची यादी करायला लावली, केसांच्या गोळीसकट, आणि सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे.