‘स्नूकरसाठी खास’ लेझर : सही केल्यानंतर कळलेल्या गोष्टी

डोळ्यांच्या लेझर शस्त्रक्रियेसाठी मी आगाऊ भरलेली रक्कम मला परत मिळालेली नाही, आणि करारावर माझीच सही असल्यामुळे ती मिळण्याची शक्यताही फारशी उरलेली नाही. तरीही हा अनुभव लिहून ठेवतो आहे, कारण चष्म्याला कंटाळलेला कोणताही स्नूकर खेळणारा माणूस ज्या वाटेने अशा केंद्रात पोहोचेल त्याच वाटेने मी गेलो होतो, आणि तिथे मला सांगितलेली बहुतेक वाक्ये अर्धी खरी होती. अर्धे खरे वाक्य ओळखणे किती अवघड असते, याचा अंदाज मला त्या वेळी नव्हता.

माझे वय ४६ आहे. दोन्ही डोळ्यांना मायनस ६ च्या आसपास नंबर आहे आणि उजव्या डोळ्याला थोडा सिलिंड्रिकल (डोळ्याच्या असमान वक्रतेचा) नंबरही आहे. हा नंबर घेऊन रस्त्यावर चालायला काहीच अडचण येत नाही. अडचण येते ती टेबलावर वाकल्यावर. हनुवटी क्यूला, म्हणजे चेंडू मारायच्या काठीला टेकली की नजर चष्म्याच्या काचेच्या मध्यातून न जाता अगदी वरच्या कडेतून जाते, आणि मोठ्या मायनस नंबरची काच तिथे प्रिझमसारखी वागत असल्यामुळे चेंडू प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा किंचित सरकलेला दिसतो. त्यात फ्रेमची कड नेमकी क्यू बॉल (क्यूने मारायचा पांढरा चेंडू) आणि ऑब्जेक्ट बॉल (त्याने ज्याला धडक द्यायची तो चेंडू) यांच्या मध्ये आडवी येते. सुमारे पावणेबारा फूट लांबीच्या टेबलावर, ५२.५ मिलिमीटर व्यासाच्या चेंडूचा नेमका कोणता बिंदू गाठायचा हे ठरवताना एवढा फरक पुरेसा होतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरून पाहिल्या, परंतु नेम धरताना पापणी लवत नाही, लेन्स कोरडी पडते आणि खेळाच्या तिसऱ्या-चौथ्या फ्रेमपर्यंत, म्हणजे डावापर्यंत, डोळे चुरचुरू लागतात. हे सर्व मी त्या केंद्रात सविस्तर सांगितले, आणि माझ्याविरुद्ध पुढे तेच वापरले गेले.

‘खेळाडूंसाठी मोफत तपासणी’ अशी जाहिरात पाहून मी गेलो होतो. पांढरा कोट घातलेल्या एका गृहस्थांनी माझ्याशी तासभर चर्चा केली. मी त्यांना दोनदा ‘डॉक्टर’ म्हटले आणि त्यांनी दोन्ही वेळा ते ऐकून घेतले. ते केवळ सल्लागार असून त्यांचे काम रुग्णांची नोंदणी करणे हे आहे, ही गोष्ट मला पंधरा दिवसांनी कळली. डोळ्यांपेक्षा माझ्या खेळाबद्दलच त्यांनी अधिक विचारले. लांबचे पॉट, म्हणजे दूरचा चेंडू टेबलाच्या पॉकेटात घालण्याचे फटके, चुकतात, असे मी म्हणताच ते उत्साहाने म्हणाले, “सर, तुमच्यासाठी आपण स्नूकरचा खास प्रोग्राम लावू. एक डोळा क्यू बॉलसाठी आणि दुसरा लांबच्या पॉकेटसाठी.” वर त्यांनी जुन्या काळचे स्नूकर विजेते ज्यो डेव्हिस यांचा दाखलाही दिला : उजवा डोळा कमजोर असताना डाव्या डोळ्याने नेम धरून त्यांनी १५ जागतिक विजेतेपदे मिळवली, मग दोन डोळ्यांनी कामे वाटून घेतली तर काय बिघडते? ही माहिती खरी आहे, आणि तिचा माझ्या शस्त्रक्रियेशी काडीचाही संबंध नाही. मी मात्र भारावून गेलो होतो.

यंत्रांवरच्या तपासण्या वीस मिनिटांत उरकल्या. त्या दिवशी सकाळपर्यंत मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत होतो, आणि त्याबद्दल मला कोणीही विचारले नाही. जाहिरातीतला दर कमी नंबरासाठी होता असे मग समजले. माझा नंबर, सिलिंडर आणि तो ‘खास प्रोग्राम’ मिळून आकडा जवळजवळ दुप्पट झाला. सवलत फक्त त्याच दिवसापुरती होती. मी निम्मी रक्कम भरली आणि सही केली.

घरी आल्यावर करार शांतपणे वाचला, तेव्हा ‘स्नूकर’ हा शब्द त्यात कुठेही नव्हता. ज्याला खास प्रोग्राम म्हटले जात होते त्यासमोर ‘मोनोव्हिजन’ एवढेच लिहिलेले होते. चाळिशीनंतर डोळ्यातले नैसर्गिक भिंग कडक होत जाते आणि जवळचे दिसेनासे होते. लेझर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा आकार बदलतो, त्या भिंगाला तो हातही लावत नाही. म्हणून एका डोळ्याचा नंबर पूर्ण घालवायचा आणि दुसऱ्यात थोडा मायनस मुद्दाम शिल्लक ठेवायचा, ही चाळिशीनंतरच्या लोकांसाठी सर्वत्र वापरली जाणारी जुनी पद्धत आहे. वाचनाचा चष्मा टाळू पाहणाऱ्या अनेकांना ती मानवतेही. परंतु तिच्यात दोन्ही डोळ्यांनी मिळून येणारा खोलीचा अंदाज कमी होतो. ज्या खेळात सगळे काही अंतर आणि रेषा यांवर चालते, त्याच खेळाच्या नावाने ती मला विकली गेली होती, आणि माझा प्रबळ डोळा (नेम धरताना ज्याच्यावर अधिक भिस्त असते तो) कोणता हे तपासण्याची तसदीही कोणी घेतली नव्हती.

मी माझे तपासणी अहवाल मागितले, तेव्हा ते केंद्राची मालमत्ता आहेत असे उत्तर मिळाले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना भेटण्याची विनंती केली, तर ते शस्त्रक्रियेच्या दिवशीच सकाळी भेटतील असे सांगण्यात आले. खरे तर याच दोन उत्तरांमुळे मी सावध झालो. लेखी मागणी केल्यावर अहवाल हाती आले आणि ते घेऊन मी एका नेत्रतज्ज्ञांकडे गेलो, ज्या स्वतः लेझर शस्त्रक्रिया करत नाहीत.

त्यांनी अहवाल बाजूला ठेवला, दोन आठवडे लेन्स पूर्ण बंद करायला लावल्या आणि मग नव्याने तपासणी केली, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि त्यावर काढलेला नंबर विश्वासार्ह नसतो. माझ्या कॉर्नियाची जाडी ४८८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निघाली. लॅसिक या लेझर पद्धतीत कॉर्नियाचा वरचा पापुद्रा उचलायला सुमारे ११० मायक्रॉन जातात आणि माझ्या नंबरासाठी आणखी सुमारे ९५ मायक्रॉन झिजवावे लागले असते. म्हणजे खाली २८३ उरले असते. २५० ची किमान मर्यादा यात पाळली जाते, म्हणूनच केंद्राच्या कागदावर ‘पात्र’ असा शिक्का होता. मात्र एकूण जाडीपैकी ४० टक्क्यांहून अधिक भाग शस्त्रक्रियेत बदलला जाणे धोक्याचे मानतात, आणि माझ्या बाबतीत तो ४२ टक्के होत होता. त्यातच कॉर्नियाच्या नकाशात खालच्या बाजूला संशयास्पद फुगवटा दिसत होता. असा कॉर्निया शस्त्रक्रियेनंतर हळूहळू पुढे फुगत जाण्याची भीती असते आणि तशी गेलेली नजर चष्म्यानेही पूर्ण परत येत नाही. कोरडेपणाचे माझे गाऱ्हाणे ऐकून तर त्यांना आश्चर्यच वाटले, कारण लेझरमध्ये कॉर्नियातल्या नसा कापल्या जातात आणि डोळे काही महिने उलट अधिक कोरडे पडतात. दिव्यांखाली उजळलेले टेबल आणि भोवती अंधार, अशा ठिकाणी दिव्यांभोवती वलये दिसण्याचा त्रासही काहींना होतो, हे मी त्यांच्याकडून प्रथमच ऐकले.

शस्त्रक्रिया करायची नाही हे तिथेच ठरले. तरीही मी काहीसा हट्टाने विचारले की, तो ‘प्रोग्राम’ खरोखर कसा असतो हे पाहता येईल का? त्यांनी तशा नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स आठवड्यासाठी दिल्या. ही चाचणी कोणालाही शस्त्रक्रियेपूर्वी करता येते आणि केंद्राने ती मला सुचवलीही नव्हती. पहिल्या दोन दिवशी मला वाटले की सवय होईल. चौथ्या दिवशीही लांबचे पॉट एकाच बाजूला चुकत होते, आणि रेस्ट (हात न पोहोचणाऱ्या फटक्यासाठी क्यूला टेकू देणारी काठी) वापरताना क्यूचे टोक चेंडूपासून किती दूर आहे हेच कळत नव्हते.

सध्या मी उंच काचांचा, नाकावर तिरका बसणारा स्नूकरचा चष्मा वापरतो. १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात डेनिस टेलर यांनी स्टीव्ह डेव्हिस यांना १८-१७ असे हरवले, तेव्हा त्यांच्या नाकावर उलटा घातल्यासारखा दिसणारा जो चष्मा होता, त्याच जातीचा हा आहे. वाकल्यावर नजर काचेच्या मध्यातून जाते. क्लबात थोडी थट्टा होते, ती मी चालवून घेतो.

रक्कम परत मागण्यासाठी मी नव्या तपासणीचा अहवाल जोडून केंद्राला पत्र लिहिले. महिन्याभराने लेखी उत्तर आले. रद्द केलेल्या नोंदणीची रक्कम परत देता येत नाही, कारण ती पहिल्या दिवशी केलेल्या तपासण्यांच्या खर्चापोटी वळती करून घेण्यात आली आहे, असे त्यात म्हटले होते. जाहिरातीत ज्या मोफत म्हटल्या होत्या, त्याच या तपासण्या. ती जाहिरात आणि हे पत्र, दोन्ही मी ग्राहक तक्रारीसोबत जोडले आहेत.