आईचं ग्रीन कार्ड: एंबसीत तातडीचा अर्ज की ऑनलाइन भरून एक्स्पिडाइट?

मे २०२४ मध्ये आई सांगलीच्या घरी न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. बाबा जाऊन दोन वर्षं झालेली, मी एकुलता एक आणि मी न्यू जर्सीत, म्हणजे पुढचा प्रश्न काय हे वेगळं सांगायला नको. मी विमानात बसलो तेव्हाच ठरवलं होतं की आईला आता कायमचं आपल्याकडे न्यायचं, आणि लवकरात लवकर न्यायचं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर डोक्यात हेच होतं. आता ओळखीतले लोक फोन करून विचारतात की तुम्ही कुठला रस्ता धरलात, एंबसीत इमर्जन्सीमध्ये अर्ज घेतात म्हणे, ते केलंत का? म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितो. रस्ते दोन: एंबसीत तातडीचा अर्ज, नाहीतर ऑनलाइन अर्ज भरून एक्स्पिडाइट, म्हणजे तो लवकर तपासा अशी विनंती.

तुम्ही अमेरिकेचे सिटिझन आहात, २१ पूर्ण आहेत, ग्रीन कार्डवर आईवडिलांना स्पॉन्सर करता येत नाही, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. आईवडिलांच्या आयआर-५ कॅटेगरीला वार्षिक कोटा नाही, त्यामुळे भावाबहिणींसारखी वर्षानुवर्षांची रांग इथे नाही, जो वेळ जातो तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात जातो. आणि आपली सगळी धडपड हा वेळ कमी करायची असते.

आधी एंबसीच्या रस्त्याबद्दल, कारण त्याच्याबद्दल जुनी माहिती फार फिरते. मला तीन जणांनी तरी सांगितलं की दिल्लीला जाऊन आय-१३० (नातेवाइकाला स्पॉन्सर करायचा अर्ज) भर, आमच्या अमक्याने तसंच केलं. ते त्यांच्या वेळी खरंच होतं. तेव्हा दिल्लीतलं यूएससीआयएसचं (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं) ऑफिस हे अर्ज घ्यायचं आणि भारतात राहणारे सिटिझन तिथे अर्ज देऊ शकायचे. १ फेब्रुवारी २०२० पासून यूएससीआयएसच्या परदेशातल्या ऑफिसांनी आय-१३० घेणं थांबवलं. आता एंबसी किंवा कॉन्सुलेटमधला कॉन्सुलर ऑफिसर तो अर्ज घेऊ शकतो, पण फक्त अपवादात्मक परिस्थितीत आणि घ्यायचा की नाही हे त्यांच्या हातात. कारणं कुठली चालतात ह्याची उदाहरणं यूएससीआयएसच्या पॉलिसी मॅन्युअलमध्ये दिलेली आहेत: लगेच प्रवास करावा लागेल अशी मेडिकल इमर्जन्सी, जिवाला धोका, मूल २१ चं व्हायला आलंय, दत्तक घेतलेलं मूल, परदेशात नोकरी करणाऱ्या सिटिझनची थोड्या दिवसांच्या नोटिशीवर अमेरिकेत बदली, असं. मिलिटरीत असणाऱ्यांसाठी वेगळी सवलत आहे. "आई एकटी आहे, वय झालंय" हे आपल्या दृष्टीने केवढंही मोठं असलं तरी नुसतं तेवढं ह्या यादीत बसत नाही.

ह्या रस्त्याची ओढ का वाटते हे मला अगदी कळतं. अर्ज तिथेच घेतला, तिथेच मंजूर झाला, की एनव्हीसीचा, म्हणजे मंजुरीनंतर फिया आणि कागद गोळा करणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरचा, टप्पाच राहत नाही. ज्यांनी एनव्हीसी केलंय त्यांना ह्याची किंमत कळेल. कागद आणि आय-८६४ (स्पॉन्सरने द्यायची खर्चाची हमी) सरळ तिथेच द्यायचे आणि इंटरव्ह्यू.

माझी पण पहिली पसंती तीच होती. मी सांगलीत होतोच, सुट्टी चार आठवड्यांची होती, हॉस्पिटलमध्ये आईच्या कॉटशेजारी बसून मी फाइल लावत होतो. पहिली अडचण आली डॉक्टरांच्या पत्राची. डॉक्टरांनी अगदी आपुलकीने लिहून दिलं की पेशंटला संपूर्ण बेडरेस्ट आवश्यक, प्रवास वर्ज्य. आता तुम्हीच बघा, आपण म्हणतोय की आईला तातडीने प्रवास करू द्या आणि आपलंच पत्र म्हणतंय की ती प्रवास करू शकत नाही. मग दुसरं पत्र घेतलं, त्यात ऑपरेशनची तारीख, किती आठवड्यांनी व्हीलचेअरवर विमानप्रवास चालेल, घरी चोवीस तास कोणी लागेल आणि भारतात सांभाळणारं जवळचं कोणी नाही, असं स्पष्ट लिहून घेतलं. हे पत्र दोन्ही रस्त्यांना लागतं, म्हणून डॉक्टरांकडे जाताना काय काय हवं ते कागदावर लिहून न्या, त्यांना आपल्या फॉर्मची कल्पना नसते.

पण माझा निर्णय ज्याच्यावर फिरला ते पत्र नव्हे. ते होतं आईचं नाव.

आईसाठीच्या अर्जात मुख्य कागद म्हणजे तुमचा स्वतःचा जन्मदाखला, ज्याच्यावर आईचं नाव आहे. माझा जन्म आजोळी झाला, पहिलं बाळंतपण माहेरी, आपल्याकडची रीतच आहे. जन्माची नोंद करायला नगरपालिकेत मोठा मामा गेला होता आणि त्याने आईचं नाव सांगितलं ते त्याच्या तोंडात बसलेलं, म्हणजे माहेरचं. आणि आईचं नाव लग्नात बदललेलं. ताटातल्या तांदळात बाबांनी अंगठीने जे नाव लिहिलं तेच पुढे रेशन कार्डावर, बँकेत, आधारवर आणि पासपोर्टवर गेलं. म्हणजे माझ्या जन्मदाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची आई, पहिलं नावच वेगळं. जुन्या नोंदीत माझंही नाव नव्हतं, नुसतं "मुलगा", ते नंतर कधीतरी घातलेलं. एवढी वर्षं मी तो दाखला वापरलाय, पासपोर्टला, माझ्या ग्रीन कार्डाला, सिटिझनशिपला, कोणी एका शब्दाने विचारलं नाही, कारण तिथे प्रश्न माझ्या जन्माचा होता, आईच्या ओळखीचा नव्हता. त्या रात्री दोन कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा पोटात गोळा आला.

आता हे एंबसीच्या रस्त्यात का नडतं ते सांगतो. कॉन्सुलर ऑफिसर आय-१३० मंजूर करू शकतो तो फक्त जर तो सरळसरळ मंजूर होण्यासारखा असेल तर. कागदांत शंका असेल, नातं लगेच सिद्ध होत नसेल, तर त्याला तो नाकारता येत नाही, तो अर्ज यूएससीआयएसकडे पाठवून देतो. म्हणजे तुम्ही तातडी म्हणून तिथे गेलात, इमर्जन्सी त्यांना पटलीही, आणि नावाच्या घोळामुळे फाइल शेवटी अमेरिकेतच गेली, मग त्यात जे आठवडे गेले ते गेलेच. आणि आमच्या पिढीच्या आयांची नावं बघा, लग्नात नाव बदललेलं, नाहीतर दाखल्यावर "बेबी" किंवा "ताई", नाहीतर आडनावाचं इंग्लिश स्पेलिंग तीन प्रकारचं. मला वाटतं मराठी घरांत हा प्रश्न निम्म्या लोकांना तरी येत असेल, अर्थात हा माझा अंदाज.

गॅझेटमध्ये नाव बदलून घे असं पण सुचवलं लोकांनी, पण आज बदललेल्या नावाने १९७९ च्या दाखल्यावरची बाई तीच हे कसं सिद्ध होणार? त्याला जुनेच पुरावे लागतात आणि ते शोधायला वेळ लागतो. हा वेळ एंबसीच्या खिडकीपाशी मिळत नाही, ऑनलाइनच्या रस्त्यात मिळतो. कारण तिथे कागद कमी पडला तर ते आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारं पत्र, पाठवतात, उत्तर द्यायला साधारण ८४ दिवसांपर्यंत मुदत असते, आणि तुमचा अर्ज रांगेत आपल्या जागी राहतो.

म्हणून मी फाइल बाजूला ठेवली आणि सांगलीतूनच रात्री दोन वाजता ऑनलाइन आय-१३० भरला. रिसीट नंबर लगेच आला, आयओई ने सुरू होणारा. फार बारीक गोष्ट आहे पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा हातात काहीतरी आल्यासारखं वाटलं. मग त्याच केसवर एक्स्पिडाइटची विनंती केली, डॉक्टरांचं तेच दुसरं पत्र, डिस्चार्ज कार्ड, बाबांचा मृत्यू दाखला जोडून. ती मान्य झाली. एक्स्पिडाइट मिळेलच असं कोणी सांगू शकत नाही, तोही त्यांच्या विवेकावरच असतो, माझ्या ओळखीत एकाला नाही मिळालं. पण नाही मिळालं तरी अर्ज जिवंत असतो, एवढा फरक आहे.

ऑगस्टमध्ये अपेक्षेप्रमाणे आरएफई आलाच, नावाबद्दल. तोपर्यंत आम्ही कामाला लागलो होतो. मामा आणि मावशी, दोघांची ॲफिडेव्हिट नोटरीकडून, की अमुक आणि अमुक ही एकच व्यक्ती, आमची सख्खी बहीण, आणि हा तिचा मुलगा. आईचा शाळा सोडल्याचा दाखला, माहेरच्या नावाचा. आणि सगळ्यात उपयोगी पडली ती लग्नपत्रिका. मावशीच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, १९७६ ची. कोपऱ्याला लावलेलं हळदकुंकू अजून होतं, पिवळा डाग कागदात मुरलेला, चि. सौ. कां. च्या पुढे आईचं माहेरचं नाव, आजोबांचं नाव, समोर बाबांचं पूर्ण नाव आणि गाव. मावशीने ती फोनवर दाखवली तेव्हा आई वॉकर धरून उभी होती, ती खाली बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. पत्रिकेचं इंग्लिश भाषांतर करून, भाषांतर करणाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र जोडून पाठवली. असे कागद पुरले नाहीत तर ते डीएनए टेस्ट सुचवू शकतात, आम्हाला ती वेळ आली नाही. ऑक्टोबरमध्ये मंजुरी आली.

मग एनव्हीसी. ३२५ डॉलर आणि १२० डॉलर अशा दोन फिया, डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म, माझे टॅक्स, आईच्या जन्माचा पुरावा. १९५२ चा जन्म, खेड्यातला, नोंद नाही, मग नोंद नसल्याचा दाखला आणि परत मामाचं ॲफिडेव्हिट. इथे वेळ गेला हे मान्य करतो, एंबसीवाल्यांचा हा सगळा टप्पा वाचतो. एनव्हीसीकडे पण तातडीची विनंती करता येते, जिवावरचं आजारपण असेल तर, पण ते फक्त पुढे पाठवतात, इंटरव्ह्यूची तारीख आधी द्यायची का ते कॉन्सुलेट ठरवतं. आमचा इंटरव्ह्यू मार्च २०२५ ला मुंबईत, बीकेसीत झाला. लग्नपत्रिका मूळ नेली होती. ऑफिसरने ती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली आणि परत दिली, त्या नावाबद्दल पुढे काही विचारलं नाही, कारण तो प्रश्न आधीच सुटून फाइलीत बसला होता.

आता दुसरी बाजू पण सांगायला हवी. कोथरूडचा माझा एक मित्र, सिटिझन, सहा वर्षं पुण्यात नोकरीला होता, आई त्याच्याजवळच. कंपनीने अचानक डॅलसला बदली केली, थोड्या दिवसांच्या नोटिशीवर. त्याने एंबसीचा रस्ता धरला, बदलीचं पत्र, तारीख, सगळं स्वच्छ, जन्म पुण्यातलाच, दाखल्यावर आणि पासपोर्टवर आईचं नाव अक्षर न अक्षर सारखं. अर्ज घेतला गेला आणि तीनेक महिन्यांत आईला व्हिसा मिळाला. आम्हाला दहा लागले. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. त्याला एक काम मात्र वेगळं करावं लागलं, आय-८६४ साठी अमेरिकेत राहायला जातोय हे दाखवणं, कारण स्पॉन्सरचं घर अमेरिकेत लागतं. तो भारतात होता म्हणून प्रत्यक्ष हजर राहणंही सोपं गेलं. माझ्यासारखं रजा मोजून आलेल्या माणसाला तेही जड जातं.

टुरिस्ट व्हिसावर आणून अमेरिकेतच आय-४८५ (तिथे राहूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज) भरा असाही सल्ला मिळेल. आईचा दहा वर्षांचा बी-२ होता, पण भेटीला म्हणून यायचं आणि मनात राहायचं ठरवलेलं असायचं हे मला पटलं नाही, आणि त्यात धोकाही आहे. शिवाय ॲडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची परवानगी, हातात आल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, तेवढ्यात भारतात काही झालं तर?

पैशाचा फरक मी फारसा धरला नाही. ऑनलाइन ६२५, कागदी अर्ज ६७५ डॉलर, १ एप्रिल २०२४ पासून. मात्र आईवडील दोघे असतील तर दोघांचे अर्ज वेगवेगळे, एकाच्या अर्जात दुसरा येत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. आणि मेडिकल कारण देत असाल तर उपचारांचा खर्च कोण करणार ह्याचं उत्तर तयार ठेवा, दोन्हीकडे. पासष्ट-सत्तरीच्या नव्या ग्रीन कार्डवाल्याला मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय विकतसुद्धा घेता येत नाही, त्यामुळे तोपर्यंतचा इन्शुरन्स आधीच बघून ठेवा.

तर इमर्जन्सी खरोखर यादीतली असेल, तुम्ही भारतात असाल आणि कागद नितळ असतील तर एंबसीत विचारून बघायला हरकत नाही. त्यातलं एक जरी डळमळीत असेल तर माझा कल ऑनलाइन भरून एक्स्पिडाइट मागण्याकडे आहे. फक्त एक लक्षात ठेवा, घाबरून दोन्ही करू नका. त्याच आईसाठी आधी ऑनलाइन अर्ज भरलेला असेल तर एंबसी सहसा तातडीचा अर्ज घेत नाही, तुम्हाला यूएससीआयएसकडेच एक्स्पिडाइट मागायला सांगतात. म्हणून ते सबमिटचं बटण दाबायच्या आधी तुमचा जन्मदाखला आणि आईचा पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून नावं वाचा, आणि घरात कोणाकडे जुनी लग्नपत्रिका आहे का ते आजच मावशीला फोन करून विचारा.