आईचं खुब्याचं ऑपरेशन: भूलतज्ज्ञांना पाच स्टार, बिलिंगला एक

हॉस्पिटलचं नाव टाकत नाही, पुण्यातलंच आहे. आई घरात पडली, खुबा मोडला, वय सत्तरीच्या आसपास. सर्जन चांगले आहेतच पण हा रिव्ह्यू भूल देणाऱ्या मॅडमसाठी. रिपोर्ट नंतर बघितले, आधी विचारलं, "काकू, पडायच्या आधी दोन जिने न थांबता चढायचात का?" बीपीसाठीची मेटोप्रोलॉल ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायचीच म्हणाल्या, आमची मावशी उपाशीपोटी काहीच नको म्हणून अडून बसलेली, पण चालू गोळी अचानक तोडली की नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात. उलट ज्यांना आधी चालू नाही त्यांना त्याच दिवशी मोठा डोस सुरू करणंही बरं नाही म्हणे, 2008 च्या एका मोठ्या अभ्यासात अटॅक कमी झाले पण स्ट्रोक आणि मृत्यू वाढले.

ऑपरेशन मस्त झालं आणि रात्री घोळ. छातीत अजिबात दुखलं नाही (पेनकिलर चालू असताना बऱ्याचदा कळतच नाही), नुसतं बीपी खाली आणि दम. ईसीजी बदललेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, आमचे तर हातपायच गळाले. अँजिओग्राफीत नळ्या साफ! टूडी इकोत हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगलेलं, हलतच नव्हतं, वरचा भाग मात्र जोरात आवळतोय. ताकोत्सुबो, म्हणजे नळी न तुंबता, ताणामुळे हृदयाचा स्नायू तात्पुरता कमजोर पडणं; दिसतं हार्ट अटॅकसारखं, पण नेहमीचा अटॅक नव्हे. भीती, वेदना, ऑपरेशनचा ताण, यातून अ‍ॅड्रेनलिनचा लोंढा हृदयावर येतो आणि पाळी गेलेल्या बायकांना हे जास्त होतं. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं पण सुरुवातीला फुफ्फुसात पाणी, ठोके बिघडणं असले प्रकार होऊ शकतात, आणि बीपी चढवायला अ‍ॅड्रेनलिनच्याच जातीची औषधं देताना हात आखडता घ्यावा लागतो. मॅडम रात्रभर आयसीयूत येऊन-जाऊन होत्या, दर वेळी बाहेर येऊन आम्हाला काय चाललंय ते सांगायच्या.

आता बिलिंग. अँजिओ पॅकेजमध्ये नाही, आधी डिपॉझिट भरा, हे मध्यरात्री काउंटरवर ऐकवलं, तेही मोबाइलमधून मान वर न करता. आईचा फॉलोअपचा इको नॉर्मल आला, वॉकर घेऊन फिरतेय. पण डिस्चार्ज कार्डवर चक्क 'हार्ट अटॅक' छापून आलेलं, इन्शुरन्स आणि पुढचे डॉक्टर दोघांनाही त्याने फरक पडतो, दुरुस्त करून घ्यायला अख्खी दुपार गेली. तिथून निघायच्या आधी कार्ड वाचूनच निघा.