सॉल्टबर्नची पाण्यावर चालणारी लिफ्ट
इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या सॉल्टबर्नला गेलात तर १८८४ सालची कड्यावरची लिफ्ट चुकवू नका. दोन डबे एकाच दोराला बांधलेले, दोन्हींखाली पाण्याच्या टाक्या. वरच्या डब्याची टाकी भरत जाते. तो खालच्यापेक्षा जड झाला की उतरू लागतो आणि दुसऱ्याला वर ओढतो. खाली पाणी सोडून देतात, पंपाने ते पुन्हा वर चढवतात. वेग फक्त ब्रेकवाल्याच्या हातात! डब्यांच्या रंगीत काचा खरोखर देखण्या. टाकी भरेपर्यंत थोडं थांबावं लागतं, तेवढा वेळ धरूनच जा. हिवाळ्यात आधी वेळापत्रक पाहा. बंद असेल तर शेजारच्या पायऱ्या आहेत, पण चढ दमवतो. समोरचा १८६९ चा पिअर, म्हणजे समुद्रात गेलेला लांब धक्का, फुकट.