सर्व्हर वर्षाच्या बोलीवर घ्यावा की तासावर?

दादरमधल्या एका घरगुती मोदकवाल्या काकूंची ऑर्डरची साइट मी सांभाळतो. वर्षभर तिथे शुकशुकाट, आणि गणपतीच्या आधी अंगारकीला सिद्धिविनायकाबाहेर असते तशी रांग. तुमचाही धंदा असाच सणावारी उसळणारा असेल, तर माझं मत आधीच सांगतो: बारमाही लागणारा एक छोटा सर्व्हर वर्षाच्या बोलीवर घ्या, गर्दीपुरते जादाचे तासावर घ्या. दरपत्रकातली सूट बघून सगळेच वर्षाच्या बोलीवर घेऊ नका.

हिशेब सोपा आहे. समजा, वर्षाची हमी दिल्यावर 40 टक्के सूट मिळते. मग सर्व्हर वर्षातल्या 60 टक्क्यांहून जास्त तास चालणार असेल, तरच ती सूट पदरात पडते. गणपतीचे 12 दिवस म्हणजे 288 तास, वर्षाच्या 8760 तासांपैकी जेमतेम सव्वातीन टक्के. तेवढ्यासाठी वर्षाचं भाडं कोण भरेल? एडब्ल्यूएसकडे, म्हणजे ॲमेझॉनच्या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या सेवेकडे, ही हमी 1 किंवा 3 वर्षांची असते. तीन वर्षांची सूट मोठी, पण काकू तीन वर्षांनी मोदक करतील का हे त्यांनाच माहीत नाही.

सूट आणि आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक इथेच फसतात. सेव्हिंग्ज प्लॅन, म्हणजे हाच हमीचा करार, घेतला की दर कमी होतो. मशीन तुमच्यासाठी राखून ठेवलेलं नसतं. लोकलचा पास काढला म्हणून विरारला बसायला जागा मिळते का? जागाच राखायची तर कपॅसिटी रिझर्व्हेशन वेगळं घ्यावं लागतं, आणि मशीन वापरा न वापरा, त्याचं मीटर चालू राहतं. आमच्यासारख्या छोट्यांना त्याची गरज सहसा पडत नाही.

तासावरच्या सर्व्हरची खरी अडचण पैशाची नाही, वेळेची आहे. एका वर्षी मी ऑटो-स्केलिंग, म्हणजे भार वाढला की आपोआप जादा सर्व्हर उभे करणारी सोय, लावून निर्धास्त झोपलो. सकाळी 10 ला बुकिंग उघडलं, सीपीयू भरला, नवा सर्व्हर उभा राहायला लागला. पण भार मोजणं, मशीन चालू होणं, त्यावर ॲप चढणं, यात पाच-सहा मिनिटं गेली. तेवढ्यात लोकांनी रिफ्रेश मारून मारून होता तो सर्व्हरही आडवा केला. काकूंनी वहीत हाताने ऑर्डरी उतरवल्या आणि मला दिवसभर फोन केला नाही, हे जास्त लागलं. चूक माझीच. गर्दीची वेळ पंचांगात छापलेली असताना गर्दी यायची वाट कशाला बघायची? आता साडेनऊलाच जादा सर्व्हर उभे राहतात. याला शेड्यूल्ड स्केलिंग म्हणतात. बातमी व्हायरल झाल्यावर येणारी अवचित गर्दी असेल, तर मात्र ऑटो-स्केलिंगला पर्याय नाही.

टी3 मायक्रो हा एडब्ल्यूएसचा स्वस्तातला छोटा सर्व्हर घेणार असाल तर त्याची क्रेडिटची भानगड समजून घ्या. त्याला दर तासाला 12 क्रेडिट मिळतात, साठतात जास्तीत जास्त 288. एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू (सर्व्हरच्या वाट्याचा आभासी प्रोसेसर) एक मिनिट पूर्ण ताकदीने. दोन्ही व्हीसीपीयू जोरात पळाले की तासाला 120 उडतात. म्हणजे भरलेली थैलीही पावणेतीन तासांच्या आत रिकामी. पुढे क्रेडिट संपल्यावरही पळू देणारा 'अनलिमिटेड' पर्याय चालू असेल तर बिल वाढतं, नसेल तर सर्व्हर 10 टक्क्यांवर रांगतो. शुकशुकाटाच्या दिवसांत उत्तम, चतुर्थीच्या आदल्या दिवशी अजिबात नाही.

स्पॉट, म्हणजे एडब्ल्यूएसकडे रिकामे पडलेले सर्व्हर, सर्वांत स्वस्त, 90 टक्क्यांपर्यंत सूट. पण एडब्ल्यूएस 2 मिनिटांची नोटीस देऊन तो काढून घेऊ शकतं. मोदकांचे फोटो लहान करणं, रात्रीचे रिपोर्ट काढणं, अशी मध्येच तुटली तरी पुन्हा सुरू करता येणारी कामं तिथे टाका. डेटाबेस चुकूनही नको.

सर्व्हरच नको, लॅम्बडा (काम आलं की तेवढ्यापुरता आपला कोड चालवणारी एडब्ल्यूएसची सेवा) घेऊ, असंही कोणी सुचवेल. ऑर्डर आल्यावर मेसेज पाठवण्यासारख्या कामांना ते छान आहे, कारण काम नसेल तेव्हा पैसे नाहीत. एक काम 15 मिनिटांच्या आत संपलं पाहिजे, एवढी अट. पण गर्दीत शेकडो लॅम्बडा एकदम जागे होऊन एकाच डेटाबेसचं दार ठोठावतात, आणि छोट्या डेटाबेसला तेवढी कनेक्शनं झेपत नाहीत. काकूंच्या साइटवर म्हणून लॅम्बडाकडे फक्त मेसेजचं काम आहे.